माघारीचा अर्ज मी नेला

आमच्या गावात माझा चेहरा सगळ्यांना आठवेलच असं नाही, पण आवाज आठवतो. मंडप आणि माइकचा माझा धंदा. गाव तालुक्याचं, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. लग्नाचं आवतन असो, उद्या नळ येणार नाहीत ही नगरपरिषदेची सूचना असो, नाहीतर कोणाची म्हैस हरवलेली असो, ऑटोवर भोंगा बांधून मीच सांगत फिरायचो.

या आवाजाला पहिल्यांदा किंमत दिली ती दादांनी. दादा नात्यानं माझे कोणी नव्हते. एसटीत कंडक्टर होते. अंजनगाव, अकोट, हिवरखेड, कधी लांबची ड्यूटी लागली तर थेट शेंदूरजनाघाट. त्या रस्त्यांवरच्या प्रत्येक थांब्यावर कोणाचं घर कुठं आहे, कोणाची लेक कुठं दिली आहे, हे त्यांना माहीत असे. एकदा स्टँडसमोर मी हरवलेल्या म्हशीची वर्दी देत होतो, तर गाडीतून उतरून माझ्याकडं आले.

"लेका, म्हशीसाठी एवढ्या कळकळीनं वरडतं. देशासाठी वरडशीन का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, आणि पक्षाचा झालो.

पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तेव्हा पक्षात येणारी माणसं आमच्यासारखीच होती, जुन्या वळणाची. सकाळी आंघोळ करून देवाला दिवा लावणारी, गाईला पहिली पोळी घालणारी, दारूला शिवत नाही म्हणून लग्नात चेष्टा करून घेणारी. सत्ता मिळेल म्हणून कोणी येत नव्हतं, कारण सत्ता मिळण्याची काही चिन्हंच नव्हती. दादांनी नोकरीची बरीच वर्षं बाकी असताना राजीनामा दिला आणि जिल्हा परिषदेला उभे राहिले. डिपॉझिट गेलं. संध्याकाळी सायकल घेऊन ज्या खेड्यात एकही मत पडलं नव्हतं तिथं गेले आणि लोकांना नमस्कार करून आले. मी विचारलं, "आता कायले जाता?" म्हणाले, "मागाले गेलो होतो ना? मंग राग नाई हे सांगाले जाव नोको का?"

आमच्या भागात राज्य होतं ते साहेबांचं. साहेब दुसऱ्या पक्षाचे. संस्था त्यांच्या, बाजार समिती त्यांची, आणि तालुक्यातली बहुतेक देशी दारूची दुकानं त्यांच्या माणसांच्या नावावर. अकोटच्या रस्त्यावर एक खेडं आहे. तिथं त्यांच्या माणसाचं दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथल्या बायांनी ठरवलं की दुकान बंद पाडायचं. आपल्याकडं त्याला रीत आहे. गावातल्या बायांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त बायांनी मत दिलं की दुकान उठतं.

दादा आणि मी पंधरा दिवस त्या खेड्यात होतो. घोषणा मी केली होती: "बाटली आडवी, संसार उभा!" बाया ती जात्यावरच्या ओवीसारखी म्हणायला लागल्या. शेवटच्या दिवशी साहेबांची माणसं जीप घेऊन आली. त्यांनी भोंगा फोडला, मग काठी माझ्याकडं वळली. दादांनी मधे हात घातला. मनगटाचं हाड मोडलं. हाड जुळलं ते वाकडंच जुळलं. त्यानंतर त्यांचा उजवा हात नीट वळला नाही. लिहिताना त्यांना कागद तिरपा धरावा लागे. केस झाली, साक्षीदार फिरले, केस विझली. पण बाटली आडवी झाली, आणि दुकान उठलं.

हे सगळं सांगतो ते अशासाठी, की पुढं मी काय केलं हे समजायला दादांचं वजन आधी कळलं पाहिजे.

मग दिवस बदलले. राज्यात पक्षाची सत्ता आली. पहिल्या दिवशी आम्ही चौकात पेढे वाटले, दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढं नेत्यांच्या गाड्या गावात यायला लागल्या, पण त्या आमच्या दारात थांबेनात. मंत्री यायचे तेव्हा आम्हाला मंडप टाकायचा निरोप मिळे. मंचावर कोण बसणार याची यादी अमरावतीहून येई आणि दादांचं नाव तीत नसे. ते खाली, पहिल्या रांगेच्याही मागं, माझ्या अॅम्प्लिफायरजवळ खुर्ची घेऊन बसत. मला राग येई. ते म्हणत, "इथूनच आवाज बरा आयकू येते."

गेल्या विधानसभेच्या आधी मात्र सगळ्यांनाच वाटत होतं की या वेळी तिकीट दादांना. पक्षाची माणसं येऊन सर्व्हे करून गेली. आम्ही याद्या केल्या, बूथ बांधले. आणि एक दिवस दुपारी, दुकानात पंखा दुरुस्त करत असताना, टीव्हीवर पाहिलं. मुंबईत आमच्याच पक्षाच्या कार्यालयात, आमचाच दुपट्टा गळ्यात घालून, साहेब उभे. आमचे मोठे नेते त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते की विकासाच्या विचारानं प्रभावित होऊन साहेब आले आहेत. तीन दिवसांनी तिकीटही त्यांनाच. पत्रकारानं निष्ठावंतांचं काय म्हणून विचारलं तर नेते म्हणाले, "इलेक्टिव्ह मेरिट पाहावं लागतं."

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या पारावर आम्ही जमलो. तालुक्यातून जुनी माणसं आली होती, काही तर ज्यांना मी दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं अशी. बोललो मीच. माइक नव्हता, गरजही नव्हती. म्हणालो, आपण पक्ष सोडत नाही, पक्षानं आपल्याला सोडलं. म्हणालो, ज्याच्या माणसांनी दादांचं मनगट मोडलं त्याच्यासाठी आपण चिठ्ठ्या वाटायच्या का? बोललो ते सगळं मनापासून बोललो. नंतर सगळ्यांनी मारुतीच्या पायाला हात लावून शब्द दिला की दादा अपक्ष लढतील आणि कोणी मागं हटणार नाही. पहिला हात माझा होता.

दादांनी अर्ज भरला. मी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी झालो. चिन्हांच्या यादीत शिट्टी होती. कंडक्टरला यापेक्षा चांगलं चिन्ह कोणतं? आम्ही पहिली पसंती शिट्टीला दिली. मी घरात बसून प्रचाराची एक ध्वनिफीतही तयार केली: सुरुवातीला कंडक्टरच्या शिट्टीचा आवाज, मग माझा.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मला अमरावतीहून फोन आला. मुंबईहून निरीक्षक आले होते, त्यांना भेटायचं होतं. एकट्यानं या, म्हणाले.

मी गेलो. आजही स्वतःला सांगतो की भांडायला गेलो होतो. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका हॉटेलात त्यांची खोली होती. मला वाटलं होतं बाहेर बसवून ठेवतील. पण निरीक्षक स्वतः दारापर्यंत आले. गोरेगोमटे, मऊ बोलणारे, माझ्याहून वयानं लहान. म्हणाले, "या, या. तुम्हाला भेटायचं कधीपासून मनात होतं. तुमचा आवाज आम्ही मुंबईत ऐकलाय." माझा विश्वास बसला नाही. तर त्यांनी मोबाइल काढला आणि माझं एक जुनं भाषण लावलं. कोणीतरी कधी रेकॉर्ड केलेलं. मग स्वतःच म्हणाले, "बाटली आडवी, संसार उभा. काय घोषणा आहे! आमचे पगारी लोक महिनाभर बसले तरी असं सुचणार नाही."

ती घोषणा कोणाविरुद्ध होती आणि ते मला कोणाच्या बाजूनं बोलवत होते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. परतीच्या एसटीत आलं, परतवाडा नाका मागं पडल्यावर. खोलीत असताना मी फक्त हसत होतो. त्यांनी माझ्यासमोर नाश्त्याची प्लेट ठेवली, माझ्या कपात साखर किती हे विचारलं. तीस वर्षं मी पक्षाच्या नेत्यांच्या माइकची उंची खालीवर करत आलो होतो. त्यातल्या एकानंही माझ्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं.

मग ते कामाचं बोलले. दादांविषयी सगळ्यांना आदर आहे. पण दादा उभे राहिले तर मतं फुटतील, विरोधक निवडून येतील, आणि आपण आयुष्यभर ज्या विचारासाठी झटलो त्याचं नुकसान होईल. दादांना पुढं विधान परिषदेवर नाहीतर एखाद्या महामंडळावर घेऊ. "आणि तुमचंही आमच्या डोक्यात आहे. नगरपरिषदेची निवडणूक झाली की स्वीकृत सदस्य तुम्हीच. शब्द आहे."

स्वीकृत सदस्य म्हणजे लोकांनी निवडून न दिलेला, पक्षानं आत बसवलेला नगरसेवक. माणूस विकला गेला असं ऐकलं की आपल्याला वाटतं काहीतरी मोठं घेतलं असेल. मी एवढंसं घेतलं. खरं तर तेही नंतर. आधी मी घेतलं ते कौतुक.

"दादा ऐकणार नाईत," मी म्हणालो.

"तुमचं ऐकतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या घरी गेलो. वाटेतच काय सांगायचं ते ठरवलं होतं, आणि ते ठरवताना पाय कुठंही अडखळले नाहीत, हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. दादा नुकतेच पूजा आटपून ओट्यावर बसले होते. कपाळावर ओलं गंध. मी निरीक्षकांचा निरोप सांगितला. विधान परिषदेचं ऐकून ते नुसते हसले.

"मुंबईवाल्याइचं सोड. असे शब्द गंज आयकले आजवर. आपल्या मानसाइचं काय म्हननं आहे?"

आणि मी म्हणालो, "दादा, मानसं थंडी पडली. सगळ्याइले फोन गेले. रातच्यापासून एक एक जन मागं सरकून राह्यला. आपून लढलो तर तुमच्यामागं चार मानसंबी उभी राह्यनार नाईत. तुमची या वयात शोभा होईन, ते मले पाहवनार नाई."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. किंवा मला तरी ते खरं असल्याचं माहीत नव्हतं. तहसीलसमोर त्याच वेळी आमची माणसं जमायला लागली होती. कोणी ढोलकी आणली होती, कोणी शिट्ट्यांची माळच विकत आणली होती.

दादा माझ्याकडं पाहत होते. मी खाली, त्यांच्या पायातल्या चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होतो.

"तुहं काय म्हननं आहे?"

"मागं घ्या, दादा."

"तू म्हनून राह्यला?"

"हाव."

"मंग ठीक आहे."

माघारीचा छापील अर्ज मी सोबतच नेला होता. प्रतिनिधीमार्फत द्यायचा तर वेगळं अधिकारपत्र लागतं, तेही नेलं होतं. म्हणालो, तुम्ही येऊ नका, तिथं साहेबांची माणसं असतील, शब्दाला शब्द वाढेल. त्यांनी कागद तिरपा धरला आणि दोन्हीकडं सह्या केल्या. मनगट वळत नसल्यामुळं सहीला वेळ लागे. मी तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

तहसीलच्या फाटकाशी माणसं मला पाहून उठली. कोणीतरी शिट्टी फुंकली, सगळे हसले. "शिट्टी भेटते ना आपल्याले?" एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं विचारलं. तो सायकलीनं दहा-बारा किलोमीटर आला होता. मी म्हणालो, "पाहून येतो." आत गेलो, निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर कागद ठेवले. त्यांनी वर पाहिलं, तीनदा विचारलं, स्वखुशीनं ना? मी हो म्हणालो. पावती घेतली. मग पुढच्या फाटकाकडं पाय वळेनात. मुद्रांक विकणारे बसतात त्या मागच्या दारानं मी बाहेर पडलो आणि गल्लीगल्लीनं घरी आलो. तीन वाजता बाहेर यादी लागली, तीत दादांचं नाव नव्हतं. मग म्हणे एकेकानं शिट्ट्या खिशात घातल्या.

बायकोला मी सगळं सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं. ती दादांना भाऊ मानायची. दर भाऊबीजेला ते आमच्याकडं जेवायला असत. तिनं एवढंच विचारलं, "सही करतानी त्याइच्या मनगटाकडं पाह्यलं का तुमी?" तिनं ताट वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचे पंधरा दिवस मी साहेबांचा प्रचार केला. ऑटोवर बसून साहेबांचं नाव घेताना पहिल्या दिवशी जीभ जड झाली, दुसऱ्या दिवशी कमी, चौथ्या दिवशी मला चालीही सुचायला लागल्या. माणूस किती लवकर सरावतो हे मी स्वतःवरच पाहिलं.

आठवड्याभरानं ऑटो त्या अकोटच्या रस्त्यावरच्या खेड्यात गेला. मी आधी टाळायचं म्हणत होतो, पण साहेबांच्या माणसानं रोजची गावं लिहून दिली होती. पारापाशी ऑटो थांबवून मी बोलत होतो, तर एका घरातून एक म्हातारी बाई काठी टेकत बाहेर आली. डोळ्यांनी तिला नीट दिसत नसावं. ती आवाजाच्या रोखानं चालत आली.

"हा थोच भोंगा होय ना?" तिनं विचारलं. "बाटलीवाला?"

मी माइकचं बटण बंद केलं. "हाव, मावशी."

"कंडक्टरभाऊ नाई आले?"

"नाई आले."

"हात कसा आहे त्याइचा?"

"बरा आहे."

मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमाले समजत नाई, बापा. तवा तुमी म्हनलं बाटली आडवी करा, आमी केली. मार खाल्ला घरात, पन केली. आता तुमी ज्याचं नाव घेऊन राह्यले, थो तर बाटलीवालाच होय. मंग आता आमी काय करावं? तुमी सांगसान तसं करू."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती, कारण मागच्या वेळी या आवाजानं तिला खरं सांगितलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, की वरून ठरलं आहे, देशासाठी करावं लागतं. तिनं मान हलवली. उन्हात बोलून घसा सुकला असेल म्हणून आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. मी ते प्यालो. ऑटोवाल्याला म्हणालो, चल. त्या गावात पुन्हा बटण लावलं नाही, पण पुढच्या गावात लावलं.

मतदानाच्या दोन दिवस आधी दादा दुकानात आले. दुपारची वेळ होती, मी एकटाच वायरी गुंडाळत होतो. मंडपाच्या लोखंडी खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या; त्यातली एक काढून ते बसले.

"माह्या नावाची कॅशेट केली होती म्हने तू."

त्यांच्या तोंडी अजून कॅशेटच होती. मी म्हणालो, केली होती.

"आयकव बरं."

मी लॅपटॉपवर ती शोधली. शिट्टी वाजली, गाडी सुटल्याचा आवाज आला, मग माझा आवाज. ज्यानं तुमच्या गावाचा रस्ता पायांनी मोजला तो तुमचा कंडक्टर, असं काहीतरी. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. संपल्यावर उठले, खुर्ची पुन्हा ढिगावर ठेवली.

"चांगली झाली," म्हणाले, आणि गेले.

साहेब निवडून आले. विजयी मिरवणुकीत गुलाल इतका होता की रस्ता दिसत नव्हता. दादांना विधान परिषदही मिळाली नाही, महामंडळही नाही, फोनसुद्धा आला नाही. पुढं नगरपरिषदेची निवडणूक झाली आणि माझ्याबाबतीत मात्र शब्द पाळला गेला. मी मनात धरून बसलो होतो की मलाही फसवतील. फसवलं असतं तर दादांसमोर जाऊन दोघांची सारखीच गत झाली असं सांगता आलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. सभागृहात माझ्या नावाची पाटी लागली. पहिल्या सभेत मी एकदा हात वर केला, आणि तोसुद्धा सगळ्यांनी केला म्हणून.

तोवर दादा अकोल्याला लेकीकडं राहायला गेले होते. तब्येतीचं कारण होतं. मी बरेच दिवस जाईन जाईन म्हणत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "तुमी नाई गेले तर मी जाईन, आन् सगळं सांगून येईन." तेव्हा निघालो.

दार लेकीनं उघडलं. तिनं मला लहानपणापासून काका म्हटलं होतं. त्या दिवशी नुसतंच "या" म्हणाली. दादा खिडकीशी बसून पेपर वाचत होते. वाळले होते. मला पाहून पेपर खाली ठेवला.

"या भाऊ. बसा. तुमी कधी निघाले गावाहून?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. मी कधी भाऊ नव्हतो. मी लेका होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर मी त्यांचे पाय धरू शकलो असतो. 'तुमी' म्हणणाऱ्या माणसाचे पाय कसे धरणार? लेकीनं चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी मी कप उचलला नाही. शेवटी म्हणालो,

"दादा, त्या दिवशी मी खोटं बोल्लो. मानसं मागं हटली नव्हती. सगळे तहसीलपाशी उभे होते."

"मले मालूम आहे."

"कोनी सांगतलं?"

"कोनी नाई. तवाच मालूम होतं. तुमी कधी माह्याशी बोलतानी खाली पाह्यलं नव्हतं. त्या दिवशी चपलेकडं पाहून बोलत होते."

मी विचारलं, "मंग सही काहून केली?"

त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं मनगट चोळत राहिले. म्हणाले, "सायेब आमच्या पक्षात आला त्याचं मले वाईट वाटलं, पन त्याच्याशी लढता येत होतं. मुंबईवाले बेइमान निघाले, त्याइच्याशीबी लढता येत होतं. तुमच्याशी कसा लढू? तुमी खोटं बोलाले आले, म्हंजे मंग माह्यापाशी राह्यलंच काय होतं?"

नंतर त्यांनी कपाशीचा भाव विचारला, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना लेकीला म्हणाले, "भाऊले स्टँडचा ऑटो करून दे." दारापर्यंत आले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात मी अमरावतीला जाऊन कलेक्टर कचेरीत नगरसेवकपदाचा राजीनामा दिला. आवकच्या टेबलावरच्या बाईनं कागद वाचला आणि म्हणाली, "कारन लिहिलं नाई." मी पेन हातात घेतलं. तिथं खरं लिहिण्याएवढी जागा नव्हती असं म्हणता येईल, पण जागा होती. अर्धं पान कोरं होतं. मी लिहिलं, वैयक्तिक कारणास्तव. तिनं शिक्का मारला.

त्या शनिवारी मारुतीच्या पारावर जाऊन मी आमच्या माणसांना जे घडलं ते सांगितलं. जमली होती ती निम्मीच. मला वाटलं होतं धक्काबुक्की होईल. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना आता. झालं ते झालं." दुसरा म्हणाला, "आमालेबी अंदाज होताच." तो सायकलीवर आलेला म्हातारा कार्यकर्ता मात्र उठला. त्यानं चपला घातल्या आणि माझं बोलणं संपायच्या आत निघून गेला. बाकीच्यांनी विषय बदलला. जिल्हा परिषदेसाठी साहेबांच्या पुतण्याचं नाव चाललं आहे, माइकचं काम माझ्याकडंच येईल, असं कोणीतरी सांगत होतं.

ते काम मी घेतलं नाही. आता लग्नं करतो, कीर्तनाचे माइक लावतो. महिन्यातून एकदा अकोल्याला जातो. दादा भेटतात, बोलतात, चहा घे म्हणून आग्रह करतात. नाही, चुकलो. चहा घ्या, असं म्हणतात.